तुमचे प्रश्न : काँगोत रवांडाचा हात आहे का?

प्रश्न : काका, सैनिक टाकळीचा माझा मामेभाऊ यूएनच्या शांतिसेनेतनं काँगोत गोमाला जाऊन आलाय, तो म्हणतो एम२३ बंडखोरांना रवांडाच पोसतंय, पण रवांडा तर सरळ नाही म्हणतंय, मग खरं काय?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : भाऊ बरोबर सांगतोय बाळा. यूएनच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या रिपोर्टमध्येच लिहिलंय की एम२३ सोबत रवांडाचे ३ ते ४ हजार सैनिक आहेत. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर एम२३ च्या हातात गेलं, त्याच सुमारास काँगोनं रवांडाशी संबंध तोडले, पुढच्याच महिन्यात बुकावू शहरही गेलं. रवांडा म्हणतं आमच्या जिवावर उठलेली एफडीएलआर ही हुतू बंडखोरांची टोळी काँगोत लपलीय, आणि रवांडात १९९४ चा नरसंहार करणारी माणसं त्या टोळीत होती हे खरंय, ती भीती मी हलक्यात घेत नाही, पण म्हणून दुसऱ्याची शहरं घ्यायची का? शिवाय पूर्व काँगोतली रुबायाची कोल्टन या खनिजाची खाण एम२३ च्या ताब्यात, तिथं माणसं फावड्यानं, हातानं माती उपसतात, त्यातला टँटलम हा धातू आपल्या मोबाईलमधल्या कपॅसिटर नावाच्या बारीक भागात बसतो, आणि हा माल चोरून रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळतात असं तेच तज्ज्ञ सांगतात. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या खऱ्या, पण एम२३ ची त्यावर सहीच नव्हती, त्यामुळं लढाई काय थांबली नाही.