जॉनची एकच मॅच आणि तुझी पाठ

प्रिय बाळा,

परवा ग्राउंडवर तू लेस बांधायला खाली वाकलीच नाहीस, पाय बाकावर ठेवून बांधलीस, आणि कमरेचा पट्टा दिसू नये म्हणून वरून दादाचा ढगळा टीशर्ट. पाहिलं मी. तेव्हा बोललो नाही, बाकीच्या मुली होत्या.

जॉन पचोरेकचं ऐक. अमेरिकेतला बेसबॉलवाला, आपल्याकडे नावही कुणी ऐकलं नसेल. 29 सप्टेंबर 1963, ह्यूस्टन कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज टीमची सीझनमधली शेवटची मॅच, समोर न्यूयॉर्क मेट्स, आणि हा 18 वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये. पाच वेळा बॅटिंगला आला, तीन हिट मारले, दोनदा वॉक मिळाला (पिचरने चार बॉल बाहेर टाकले की पहिला बेस फुकट), चार रन स्वतः काढले, तीन दुसऱ्यांना काढून दिले. वॉक अ‍ॅव्हरेजमध्ये धरत नाहीत, म्हणून तीनात तीन, 1.000! तिकडे .300 वाल्याला भारी म्हणतात, त्यावरून बघ. आणि त्यानंतर मेजर लीगची एकही मॅच नाही.

पाठ गं. त्या सीझनलाही दुखतच होती, पण पोरगा भयंकर कष्टाळू, व्यायामाचा अतिरेक करणारा. 1964 ला मणक्याचं ऑपरेशन झालं, मणके जोडले, कितीतरी महिने ब्रेस लावून काढले, मग खालच्या लीगमध्ये काही वर्षं झगडला पण वर काही जाता आलं नाही. भाऊ टॉम मात्र 18 सीझन खेळला. घरातच हे बघायचं म्हणजे काय होत असेल, मला तर विचार करूनच गलबलतं.

पुढे कॅलिफोर्नियात सॅन गॅब्रिएलच्या एका शाळेत पीटीचे सर झाला, वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. लोक ते 1.000 सांगत बसतात, मला ही शाळेतली वर्षं जास्त मोठी वाटतात.

तुझं अजून ऑपरेशनपर्यंत गेलेलं नाही. मीही खांद्यात इंजेक्शन घेऊन सिलेक्शनला बॉलिंग टाकली होती, आज तो हात वरच्या फळीपर्यंत जात नाही. ट्रायलला कळव की दुखतंय, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बॉल हातात घ्यायचा नाही, घरी गच्चीवरसुद्धा नाही.

गुरुवारी पाचला ये, एमआरआयची फिल्म घेऊन ये. बारा वर्षांखालच्या मुलींचा रनअप पार बिघडलाय, तो तुलाच बघायचाय. नेटजवळ खुर्ची काढून ठेवतो.

तुझा सर