कोल्हापूरच्या ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या) एक्सएमएल फाइलमध्ये ‘बिंदु चौक’चं ‘बिंदू चौक’ पायथनने कसं करावं?

साधं ‘शोधा-बदला’ वापरू नका. तोच मजकूर पत्त्यात, टिपेतही असू शकतो आणि तिथलंही बदलून जातं.

एलिमेंट-ट्री या पायथनच्या एक्सएमएल लायब्ररीने फाइल उघडा, पण थेट ‘टॅग’वर (वस्तूची माहिती ठेवणाऱ्या नोंदीवर) फिरू नका. या लायब्ररीत टॅगला आपला पालक, म्हणजे तो ज्या वस्तूच्या आत आहे ती, माहीत नसतो. आधी नोड (बिंदू), वे (रेषा) आणि रिलेशन (त्यांचे गट) यांवर फिरा, मग प्रत्येकाच्या आतले टॅग बघा. टॅगमधल्या ‘के’ची (माहितीच्या प्रकाराची) किंमत ‘नेम’ किंवा ‘नेम:एमआर’ (मराठी नाव) असेल तरच ‘व्ही’ (प्रत्यक्ष मजकूर) तपासा. बदल झाला की त्या पालकावर ‘ॲक्शन’ला ‘मॉडिफाय’ लिहा, नाहीतर जेओएसएमला (ओएसएमचा नकाशा संपादित करायच्या प्रोग्रामला) तो बदल अपलोड करायचा आहे हे कळणारच नाही. आयडी आणि व्हर्जनला अजिबात हात लावू नका.

बहुतेकांची फसगत लिहिताना होते. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) दिलं नाही तर पायथन फक्त इंग्रजी अक्षरांची आस्की धरतो आणि सगळी देवनागरी आकडी कोडमध्ये जाते. फाइल बिघडत नाही, पण डोळ्यांनी वाचता येत नाही. म्हणून ‘यूटीएफ-८’ आणि एक्सएमएल डिक्लरेशन (फाइलची पहिली ओळख-ओळ) दोन्ही स्पष्ट द्या.

असंच दुसरं एखादं नाव शोधूनही सापडत नसेल तर त्यात ‘ऱ्य’ आहे का तपासा. ‘किनाऱ्या’तलं हे अक्षर कुणी ‘ऱ’ने टाइप करतं, कुणी ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला एकच, पण संगणकाला वेगळं. एनएफसी या युनिकोडच्या एकरूप करण्याच्या पद्धतीनेही ते एक होत नाही. तुलनेपुरतं एक रूप दुसऱ्यात बदलून घ्या.

शहराएवढी फाइल मेमरीत मावते. राज्याची असेल तर ती तुकड्यातुकड्याने वाचणारं इटरपार्स लागेल.