तैवानवरून युद्ध पेटेल का?

प्रश्न : सर, आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात आणि मुलगा मालवाहू जहाजावर. सध्या त्याची फेरी सिंगापूर-शांघाय. तैवानची बातमी लागली की घास घशाखाली उतरत नाही. अमेरिका-चीन खरंच भिडतील का? ते टाळणं कोणाच्या हातात असतं?
– एक आई, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, भिडणार नाहीत अशी हमी मला देता येणार नाही. मला सर्वांत जास्त धास्ती आहे ती गैरसमजातून उडणाऱ्या भडक्याची.

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांपुढे नेहमी अमेरिकेच्या शेजारच्या क्युबा बेटाचा पेच ठेवायचो. १९६२च्या ऑक्टोबरात तिथं सोव्हिएत क्षेपणास्त्रं आढळली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे निरोप एकमेकांना पोचायला कित्येक तास लागत. क्षेपणास्त्रं काढून घ्यायला ख्रुश्चेव्ह यांचा शेवटचा होकार तर मॉस्को रेडिओवरून जाहीर करावा लागला. त्या बदल्यात तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं हलवायचं केनेडींनी गुपचूप कबूल केलं होतं. समोरच्याला मान राखून मागं फिरता यावं, एवढी वाट दोघांनीही ठेवली. हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशवाहिनी बसली, तीही टेलिप्रिंटरची. १९७२मध्ये दोन्ही नौदलांनी करार केला : समुद्रात एकमेकांच्या जहाजांवर तोफा रोखून हल्ल्याची हूल द्यायची नाही.

तुमच्या मुलाच्या वाटेवरचीच गोष्ट सांगतो. १ एप्रिल २००१ला दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचे २४ जण चीनच्या हैनान बेटावर अडकले. अकरा दिवस घासाघीस झाली, अमेरिकेनं दिलगिरीचं पत्र दिलं, माणसं सुटली.

ऑगस्ट २०२२मध्ये मात्र अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या. तैवान आपलाच भाग आहे असं मानणाऱ्या चीननं त्यावर दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांमधली बोलणीच थांबवली. ती पुन्हा सुरू करायचं ठरलं ते नोव्हेंबर २०२३मध्ये, बायडेन आणि शी जिनपिंग भेटले तेव्हा. मधला तो काळ मला फार धोक्याचा वाटला. आपल्याकडे बघा, भारत आणि पाकिस्तान १९९२पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही त्यात खंड पडला नाही.

म्हणजे हे राष्ट्रप्रमुखांच्या हातात आहे, तितकंच फोन उचलणाऱ्या सेनाधिकाऱ्यांच्याही. म्हणून ताई, तैवानजवळ किती विमानं उडाली ते मोजत बसू नका. दोन्ही सैन्यांची ठरलेली बैठक झाली की रद्द झाली, ती बातमी शोधा. बैठक होत असेल तोवर मुलाला निर्धास्तपणे बोटीवर जाऊ द्या.