एकच ईमेल अकाउंट तीन संगणकांवर उघडलं की मेल गायब का होतात?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. ऑफिसच्या संगणकावर एकदा आलेले मेल घरच्या लॅपटॉपवर दिसतच नाहीत. घरून पाठवलेले मेल ऑफिसच्या ‘सेंट’मध्ये सापडत नाहीत. आणि मधूनच एखादा संगणक, पासवर्ड बरोबर असूनही, पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत बसतो. दोनदा पासवर्ड बदलूनही फरक पडला नाही म्हणून आता ऑफिसच्या संगणकावरचं अकाउंट काढून नव्याने जोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून ते अकाउंट आज काढू नका. जे मेल गायब झालेत असं वाटतंय, ते बहुधा त्याच संगणकाच्या हार्ड डिस्कवर पडून आहेत आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये अकाउंट काढताना साठवलेले मेलही पुसायचे का, अशी एक चौकट येते. घाईत तिथे टिक झाली तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ. म्हणून सर्वांत आधी प्रोग्राम बंद करा आणि थंडरबर्ड असेल तर त्याचं पूर्ण प्रोफाइल फोल्डर (मेल आणि सेटिंग त्यातच असतात), आउटलुक असेल तर पीएसटी फाइल (त्याचे मेल साठवलेली फाइल), बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. माझ्याकडे लोक ही अडचण घेऊन येतात तेव्हा निम्मं नुकसान मूळ बिघाडाने झालेलं नसतं, तर दुरुस्तीच्या घाईत झालेलं असतं. त्यामुळे या एका गोष्टीबाबत मी हट्टी आहे.

आता कारण. मेल प्रोग्राम सर्व्हरशी, म्हणजे मेल सेवेच्या मुख्य संगणकाशी, दोन पद्धतींनी बोलतो, पीओपी आणि आयमॅप. पीओपी म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. पोस्टात जायचं, आपली पत्रं उचलायची आणि घरी आणायची. एकदा उचलली की पोस्टाच्या खणात काही उरत नाही. नियम म्हणून मांडलेलं त्याचं आजचं रूप १९९६चं आहे. तेव्हा एका माणसाकडे एकच संगणक असायचा, टेलिफोनच्या तारेवरून मिनिटं मोजत इंटरनेट जोडावं लागायचं आणि सर्व्हरवर जागाही थोडी असायची, त्यामुळे ही रीत सोयीचीच होती. तुमच्याकडे मात्र एका खणाच्या तीन किल्ल्या तीन ठिकाणी आहेत. जो आधी पोचतो, तो पत्रं घेऊन जातो.

आयमॅपचा विचार उलटा. संगणकतज्ज्ञ मार्क क्रिस्पिन यांनी तो १९८६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडला, म्हणजे तो काही नवा नाही. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि संगणकावर फक्त त्याची प्रत दिसते. वाचलेला, उत्तर दिलेला, तारा लावलेला, या खुणासुद्धा सर्व्हरवर राहतात. म्हणून सकाळी ऑफिसात वाचलेला मेल रात्री घरी वाचलेलाच दिसतो. खरा मेल कुठे राहणार, एवढंच तुम्हाला ठरवायचंय. एकापेक्षा जास्त संगणक असतील तर तो सर्व्हरवरच राहायला हवा. तुमच्या बाबतीत याला दुसरा पर्याय मला दिसत नाही.

पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, पडताळून बघा. तिन्ही संगणकांवरचे मेल प्रोग्राम पूर्ण बंद करा, फोनवर अकाउंट असेल तर तेही थांबवा. ब्राउझरमधून वेबमेल, म्हणजे मेल सेवेची वेबसाइट, उघडा आणि स्वतःलाच ‘चाचणी १’ असा मेल पाठवा. तो इनबॉक्समध्ये दिसला की फक्त ऑफिसचा प्रोग्राम चालू करा, मेल येऊ द्या, आणि वेबमेलचं पान ताजं करा. ‘चाचणी १’ तिथून नाहीसा झाला तर तो संगणक पीओपीने मेल उचलतोय. तसाच राहिला तर प्रोग्राम बंद करून हीच चाचणी दुसऱ्या संगणकावर करा, मग तिसऱ्यावर. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. सेटिंगमध्ये सर्व्हरच्या नावाजवळ पोर्टचा (सर्व्हरच्या कुठल्या दाराने आत जायचं त्याचा) आकडाही बघा: ११० किंवा ९९५ असेल तर पीओपी, १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅप.

एक फसवी स्थिती इथे सांगायला हवी. पीओपीमध्येही ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असा पर्याय असतो, आणि त्याला जोडून बहुतेक वेळा ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ हेही असतं. मग ताजे मेल सगळीकडे दिसतात, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं, आणि तीन आठवड्यांपूर्वीचं एखादं पत्र शोधायला गेलं की ते एकाच संगणकावर सापडतं. तुमचे फक्त जुने मेल हरवत असतील तर बोट इथे ठेवा.

तिन्ही संगणक चाचणीत निर्दोष ठरले आणि तरीही मेल जातच राहिले, तर चौथं यंत्र शोधा. माझ्या मोठ्या बहिणीचं असंच झालं होतं. ती घरून भाषांतराचं काम करते, दोन संगणक वापरते. दोन्हीकडे आयमॅप मी स्वतः लावून दिलं होतं, तरी मेल अधूनमधून गायब व्हायचे. मी तिला एका कागदावर वेळा लिहायला सांगितल्या. आठवड्याने कागद बघितला तर सगळ्या नोंदी दुपारी चार ते सहाच्या. तिचा जुना लॅपटॉप तिने मुलाला खेळायला दिला होता. तो शाळेतून आला की लॅपटॉप चालू करायचा, आणि त्याबरोबर मागे कुठेतरी जुना मेल प्रोग्रामही आपोआप चालू व्हायचा. खिडकी खाली दडलेली, आवाज बंद. साडेतीनशेच्या वर मेल त्या लॅपटॉपवर न वाचलेले पडले होते. त्यातले दोन तिच्या कामाच्या मुदतीचे होते, आणि त्या ग्राहकांनी तिच्याबद्दल मनात काय धरलं असेल याचं तिला फार लागलं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे अकाउंट आजवर कुठे-कुठे जोडलं होतं? जुने फोन, दुसऱ्याला दिलेले संगणक, सगळे आठवा. जीमेल असेल तर वेबमेलच्या पानावर अगदी तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ असतं. तिथे अलीकडे कोण ब्राउझरने, कोण पीओपीने, कोण आयमॅपने आलं ते वेळेसकट दिसतं.

पासवर्डच्या तक्रारीकडे वळतो, कारण तिथे तुमचा उपायच उलटा लागलाय असं मला वाटतं. पीओपीमध्ये एक संगणक मेल उचलत असताना पेटीला कुलूप लागतं. त्या वेळात दुसरा आला तर सर्व्हर त्याला परत पाठवतो. काही प्रोग्राम ‘पेटी वापरात आहे’ असं सरळ सांगत नाहीत, ते नुसती पासवर्डची चौकट दाखवतात. माणसाला वाटतं पासवर्ड चुकला. तो बदलतो. आता उरलेल्या दोन संगणकांवर जुनाच पासवर्ड आहे आणि ते दर काही मिनिटांनी तो घेऊन सर्व्हरचं दार ठोठावतायत. बरेच सर्व्हर सारख्या चुकीच्या प्रयत्नांनंतर तो आयपी पत्ताच, म्हणजे इंटरनेटवरची ती जागाच, काही काळ अडवतात. आणि एका राउटरमागचे सगळे संगणक बाहेरून बहुधा एकाच आयपी पत्त्याचे दिसतात, त्यामुळे एकाच्या चुकीने योग्य पासवर्ड असलेलाही अडतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं, मग पुन्हा बंद पडतं. पासवर्ड बदलायचाच असेल तर आधी सगळीकडचे प्रोग्राम बंद करा, एकदाच बदला, आणि एकेक संगणक नव्या पासवर्डने चालू करा.

मोठ्या सेवांचं गणित आणखी वेगळं आहे. गूगलने वैयक्तिक अकाउंटसाठी मे २०२२पासून, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक अकाउंटसाठी सप्टेंबर २०२४पासून, मेल प्रोग्राममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून आत येणं बंद केलं. आता प्रोग्राम ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगइन करून घेतो. तुमचा एखादा संगणक जुना असेल आणि त्यावरचा मेल प्रोग्रामही त्याच काळातला असेल, तर त्याला ही नवी रीत येत नाही. मग कितीही अचूक पासवर्ड टाका, तो नाकारलाच जाणार. गूगलकडे यासाठी १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड (अशा प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) मिळतो, पण आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे मुख्य पासवर्ड बदलला की हे ॲप पासवर्ड रद्द होतात.

जुन्या संगणकाबद्दलच बोलतोय तर त्याचं घड्याळ आणि तारीखही बघून घ्या. बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल तर सुरक्षित जोडणीचं, सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो जोडतच नाही.

आता प्रत्यक्ष बदल. ऑफिसच्या संगणकापासून सुरुवात करा, कारण साठा तिथे आहे. पीओपीच्या अकाउंटमध्ये ‘सुरू होताना मेल तपासा’ आणि ‘दर इतक्या मिनिटांनी तपासा’ यांवरच्या टिका काढा, म्हणजे ते आणखी मेल उचलणार नाही. अकाउंट तसंच ठेवा आणि तोच ईमेल पत्ता आयमॅप म्हणून शेजारी नव्याने जोडा. जुनं पीओपी अकाउंट आयमॅपमध्ये बदलता येत नाही, ते शोधण्यात वेळ घालवू नका. दोन्ही शेजारी दिसायला लागले की जुन्या फोल्डरमधले मेल निवडून आयमॅपच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. एका वेळी दोन-तीनशे पुरेत. दहा हजार एकदम ढकलले आणि मध्येच जोडणी तुटली तर कुठवर गेले ते कळत नाही. प्रत्येक खेपेनंतर वेबमेलमध्ये जाऊन पोचल्याची खात्री करा. सर्व्हरवरची जागाही आधी बघा. जीमेलच्या मोफत अकाउंटला १५ जीबी असतात, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोंचाही वाटा असतो. हे संथ काम आहे, एक-दोन संध्याकाळी जातील. वर्षानुवर्षांची पत्रं आहेत, त्यांना तेवढा वेळ द्या. उरलेल्या दोन संगणकांवरही पीओपीने उचललेलं काही असेल तर हेच करा.

‘सेंट’ची गोष्ट यातच सुटते. मेल पाठवण्याचं काम पीओपीही करत नाही आणि आयमॅपही नाही, ते एसएमटीपी नावाच्या तिसऱ्या पद्धतीचं. पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची हे बहुधा प्रोग्राम ठरवतो. पीओपीत ती त्याच संगणकावर राहते, आयमॅपमध्ये सर्व्हरवर चढवली जाते. फक्त तिन्हीकडे फोल्डर एकच निवडलाय ना, ते बघा. एक ‘सेंट’मध्ये ठेवतो, दुसरा ‘सेंट आयटम्स’मध्ये, आणि पाठवलेले मेल दोन ठिकाणी विखुरतात. अकाउंटच्या सेटिंगमध्ये हे फोल्डर हाताने निवडता येतात. ‘ड्राफ्ट्स’ आणि ‘ट्रॅश’चंही तसंच.

आयमॅप लागल्यावर तीन गोष्टी गोंधळात टाकतात, म्हणून आताच सांगून ठेवतो. आउटलुकमध्ये किती महिन्यांचे मेल संगणकावर ठेवायचे याची एक पट्टी असते. ती एका वर्षावर असेल तर त्याआधीचे मेल यादीत दिसत नाहीत, सर्व्हरवर मात्र असतात. दुसरं, एखाद्या संगणकावर जुना फिल्टर (मेल आपोआप वेगळे करणारा नियम) मेल उचलून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे फक्त त्याच संगणकावरच्या फोल्डरमध्ये, टाकत असेल तर आयमॅप असूनही पीओपीसारखंच होईल. तिन्हीकडचे फिल्टर उघडून बघा, आणि जमेल तिथे ते वेबमेलमध्येच लावा. तिसरं, जीमेल एका अकाउंटला एका वेळी आयमॅपच्या १५ जोडण्या देतं आणि थंडरबर्ड एकटाच पाचपर्यंत घेऊ शकतो. तीन संगणकांचे पंधरा झाले की फोनला ‘जोडण्या फार झाल्या’ असं उत्तर येतं. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगच्या प्रगत भागात पाचाचे दोन करा.

आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं. त्यामुळे सुरुवातीला काढलेली बाहेरच्या डिस्कवरची प्रत सगळं बसल्यावरही जपून ठेवा, आणि जुनं पीओपी अकाउंट निदान महिनाभर तसंच असू द्या.

तुम्ही कुठल्या संगणकावर कुठला प्रोग्राम वापरता ते प्रश्नात आलेलं नाही. चाचणी करून बघा आणि कुठल्या संगणकावर ‘चाचणी १’ नाहीसा झाला ते प्रोग्रामच्या नावासह कळवा. नेमकं कुठल्या मेन्यूत जायचं ते पायरीपायरीने लिहून देतो.