बेसबॉल : प्लेटमागचा अंपायर मध्ये आला तर काय करायचं?

प्रश्न : आमच्या हौशी बेसबॉल लीगच्या मॅचमध्ये फर्स्ट बेसवरचा रनर सेकंड बेसला पळाला, होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो तिथे) बसलेल्या कॅचरने थ्रोसाठी हात मागे घेतला तो थेट अंपायरच्या मास्कवर आपटला, बॉल कसाबसा सेकंडला गेला आणि रनर आरामात सेफ. आम्ही ओरडलो तर अंपायर म्हणाले, मी मैदानाचाच भाग आहे, खेळ चालू. असं असतं का?

उत्तर : नसतं. 'अंपायर म्हणजे मैदानाचा भाग' हे वाक्य प्रत्येक मैदानावर कुणीतरी ऐकवतंच, पण ते अर्धंच खरं आहे. पिच केलेला (पिचरने बॅटरकडे टाकलेला) किंवा फेकलेला बॉल नुसता अंपायरला लागला तर खेळ चालूच राहतो, तिथे ते वाक्य चालेल. पण बेसची चोरी (पिच होताना रनरने पुढच्या बेसला पळणं) अडवायला किंवा पिकऑफसाठी (बेसपासून दूर सरकलेल्या रनरला थ्रोने आउट करायला) कॅचर थ्रो करतोय आणि प्लेट अंपायरमुळे त्याला अडथळा झाला, तर तो अंपायर इंटरफिअरन्स, बेसबॉलच्या नियम ५.०६ (सी) मध्ये सरळ लिहिलेलं आहे.

तेव्हा अंपायरने लगेच बोट दाखवून 'इंटरफिअरन्स' म्हणायचं, पण खेळ तिथेच तोडायचा नाही, थ्रोचं काय होतं ते आधी बघायचं. त्याच थ्रोवर रनर आउट झाला तर विषय संपला, इंटरफिअरन्स झालाच नाही असं धरायचं. आउट नाही झाला तर टाइम म्हणून खेळ थांबवायचा, आणि सगळे रनर जिथून निघाले तिथे परत, म्हणजे त्या गोंधळात थर्डवरचा होमला पोचला असला तरी तोही परत. रनर दोन बेसमध्ये अडकला आणि रनडाउन (दोन्हीकडून त्याचा पाठलाग) सुरू होतंय असं दिसलं तरी थांबवायचं, कारण कॅचरच्या पहिल्या थ्रोने तो आउट झालेला नाही. आता यात फील्डिंग टीमला वाटतं आम्हाला आउट मिळायला हवा, बॅटिंग टीमला वाटतं आमचा रनर तसाही सेफच होता, आणि दोघांचंही ऐकायचं नाही. तुमच्या केसमध्ये रनर फर्स्टवर परत जायला हवा होता, बस.

कॅचर पिचरला बॉल परत देताना कोपर अंपायरला लागलं, बॉल घरंगळला आणि रनर पळाले, तरीही हाच नियम.

प्रश्न : मी नवीन अंपायर आहे. कॅचरच्या नक्की किती जवळ उभं राहायचं? एक सीनियर तर कॅचरच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात.

उत्तर : हात ठेवू नका. सीनियर असले तरी ती सवय वाईटच, कॅचर उठायला लागला की तुमचाच हात त्याला नडणार.

उभं राहायचं ते स्लॉटमध्ये, म्हणजे बॅटर आणि कॅचर यांच्यामध्ये जी फट दिसते तिच्या मागे. हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या वर, डोळे साधारण स्ट्राइक झोनच्या (ज्या भागातून गेलेली पिच स्ट्राइक ठरते त्याच्या) वरच्या कडेला, आणि पिच ग्लव्हमध्ये जाईपर्यंत डोकं हलवायचं नाही. कॅचरला टेकायचं नाही एवढं अंतर हवं, पण इतकंही मागे नको की खालची पिच त्याच्या पाठीआड जाईल.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. उजव्या हाताचा बॅटर असला की स्लॉट कॅचरच्या डाव्या खांद्यावर येतो, आणि कॅचर बहुतेक उजव्या हाताने फेकणारा, त्यामुळे सेकंडच्या थ्रोला तुम्ही आपोआप त्याच्या हातापासून लांब असता. डावखुरा बॅटर आला की तुम्ही उजवीकडे सरकता, म्हणजे बरोबर कॅचरच्या फेकणाऱ्या हाताच्या मागे! फर्स्टवर रनर आणि समोर डावखुरा बॅटर असेल तर पिचच्या आधीच थोडं मागे उभं राहा, स्लॉट सोडू नका, नुसतं अंतर वाढवा. थर्डच्या थ्रोला मात्र उलटं होतं, उजव्या बॅटरला टाळायला कॅचर कधीकधी त्याच्या मागून पाऊल टाकतो आणि ते पाऊल तुमच्याच जागेत पडतं, तेव्हा तो वळला की तुम्हीही मागे सरका.

बाकी वेळी रनर पळाला की गप्प उभं राहायचं. सेकंडवर काय झालं ते बघायला पुढे वाकणं हीच सगळ्यात मोठी चूक, नवीन लोक हमखास करतात. एकटेच अंपायर असाल तर पळायचा मोह होणारच, पण बॉल कॅचरच्या हातातून सुटल्यावरच निघा.

प्रश्न : थर्ड स्ट्राइकचा बॉल कॅचरच्या हातून सुटला (अशा वेळी बॅटर फर्स्टला पळू शकतो), कॅचर बॉलमागे धावताना अंपायरला धडकला आणि बॅटर फर्स्टला पोचला. इंटरफिअरन्स ना?

उत्तर : नाही हो. तो नियम चोरी आणि पिकऑफच्या थ्रोपुरता आणि पिचरला परत देण्यापुरता आहे, सुटलेल्या बॉलमागे धावताना झालेली धडक त्यात बसत नाही. बॅटर सेफ. कॅचरवर अन्याय वाटतो, मलाही वाटतो, पण नियम तसा आहे.

प्रश्न : बॅटरने मारलेला ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) आतमध्ये उभ्या बेस अंपायरला लागला, बॉल फेअर (फाउल रेषांच्या आत) होता. काय द्यायचं?

उत्तर : पिचर सोडून दुसऱ्या कुठल्या इनफिल्डरला (बेसजवळच्या फील्डरला) बॉल अजून ओलांडून गेला नसेल आणि वाटेत कुठल्या फील्डरला लागलाही नसेल तर बॉल डेड (खेळ थांबला), बॅटरला फर्स्ट, आणि बाकीचे फक्त फोर्स असतील (मागचा रनर येत असल्याने जागा सोडणं भाग असेल) तेवढेच पुढे. आधी पिचरच्या ग्लव्हला लागून मग अंपायरला लागला तर खेळ चालू, तिथे तुमचं ते मैदानाचा भाग वालं वाक्य वापरा.