मॉड्यूल: सुटा नव्हे, मापाचा

फोंड्याहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "लिनक्स कर्नलमधल्या नेटवर्किंग कोडच्या मॉड्यूलर रचनेवर मराठीत लेख लिहितोय. आमचे सर मॉड्यूलला 'सुटा भाग' म्हणतात, मित्र 'घटक' म्हणतो. बरोबर कोणतं? आणि मॉड्यूल कर्नलमध्ये 'टाकतात' की 'चढवतात'?"

'मॉड्यूल'च ठेवा. (कर्नल म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा.) पण 'सुटा भाग' कृपा करून लिहू नका. हा गैरसमज मी सगळीकडे ऐकतो. पणजी-म्हापसा रस्त्यावरच्या फलकांनी तर 'मॉड्यूलर किचन' म्हणजे नुसतं चकचकीत स्वयंपाकघर करून टाकलंय, आणि संगणकवाल्यांनी 'मॉड्यूलर' म्हणजे 'वेगवेगळं केलेलं'. दोघांनीही शब्दाचा जीवच काढून घेतला.

अभ्यासक्रमातलं मॉड्यूल, चांद्रयानाचं मॉड्यूल हे अर्थ सोडून देऊ. मूळ शब्द लॅटिन 'मोडुस', म्हणजे माप. त्याचं लघुरूप 'मोडुलुस', म्हणजे छोटं माप, मापाचं एकक. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस डोरिक देवळाचं गणित याच एककात मांडतो: खांबाची जाडी दोन मोडुलुस, उंची चौदा. इथे तोडणं, सुटं करणं कुठेच नाही; सगळं एका मापात बसवणं आहे. आणि मला सर्वांत आवडतं ते पुढचं. पोर्तुगीजमधला 'मोल्दे', म्हणजे साचा किंवा शिंप्याचा कागदी नमुना, हाही याच मोडुलुसचा वंशज. पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं होते. चावी, पगार, बटाटा मराठीत आले, मोल्दे मात्र रुळला नाही. रुळला असता तर हा प्रश्नच पडला नसता! व्युत्पत्तीने पाहिलं तर आपला 'साचेबंद' हाच 'मॉड्यूलर'चा सख्खा भाऊ ठरतो, पण आपण त्याला 'रटाळ' या अर्थाला जुंपलं, आता तो परत मिळायचा नाही. म्हणून 'मॉड्यूलर'साठी माझा आग्रह 'मापबंद' या शब्दाचा आहे.

'मोडुस आणि आपली मात्रा एकाच धातूपासून' असं ठोकून सांगणारे बरेच भेटतात. मात्रेचा धातू 'मा', तर मोडुसचं मूळ 'मेद्' असं धरतात. इंग्रजीतलं 'मेडिसिन' त्याच कुळातलं. दोन्हींचा अर्थ मापाशी जातो आणि ध्वनी जुळतो, एवढ्यावर सोयरीक जुळवणं ही व्युत्पत्ती नव्हे.

'घटक'वाल्या मित्राशीही माझं भांडण आहे. घटक म्हणजे ज्याने वस्तू घडते. तो काढला की वस्तू अपुरी. कर्नलमधून वाय-फायच्या कार्डाचं मॉड्यूल काढलं तरी कर्नल धडधाकट चालू राहतो. 'कंपोनंट'साठी घटक खुशाल वापरा.

आता तुमच्या नेटवर्किंगकडे या, कारण 'सुटा'चा फोलपणा तिथेच उघडा पडतो. लिनक्समध्ये आयपीव्ही४ आणि टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर माहिती पत्त्यावर धड पोहोचवण्याचे नियम, यांचा कोड मॉड्यूल म्हणून सुटा करताच येत नाही. घ्यायचा तर तो कर्नलच्या आतच बांधला जातो. 'मॉड्यूलर म्हणजे सुटं' धरलं तर हा कोड नापास. पण याच टीसीपीच्या पोटात बघा. वाटेत गर्दी झाली की पाठवण्याचा वेग किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या पद्धती २००५च्या २.६.१३ आवृत्तीपासून बदलता येतात: क्युबिक वापरा, नाहीतर २०१६ साली ४.९मध्ये आलेली बीबीआर. नवी पद्धत नाव नोंदवायला आली की कर्नल तिने भरून आणलेला फंक्शनांचा, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांचा, तक्ता तपासतो. 'एसएसथ्रेश' आहे का? 'अनडू-सीडब्ल्यूएनडी' आहे का? 'काँग-अव्हॉइड' किंवा 'काँग-कंट्रोल' यांतलं निदान एक आहे का? एखादी जागा रिकामी दिसली की नोंदणी नाकारतो आणि आवश्यक फंक्शनं नाहीत असा शेरा लॉगमध्ये लिहितो. आत गणित कोणतं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, तो माप घेतो. गोव्यातल्या चिरेखाणीतून ठरल्या मापाचा चिरा येतो, म्हणून गवंडी तो कुठल्या खाणीचा हे न विचारता भिंतीत बसवतो, तसंच हे.

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचंही, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या कोडचंही तेच. चालू करणं, बंद करणं, पॅकेट पाठवणं यांची फंक्शनं तो ठरावीक तक्त्यात भरून देतो. वरच्या आयपीच्या थराला खाली तांब्याची तार आहे की वाय-फाय, याची पंचाईत करावी लागत नाही. हा ड्रायव्हर कर्नलमध्ये कायमचा बांधा किंवा चालत्या यंत्रावर आणून जोडा, रचना दोन्ही वेळी मापबंदच असते. चालत्या कर्नलला मॉड्यूल जोडायची सोय लिनक्समध्ये आहे, पण जोडता येणं निराळं आणि मॉड्यूलर असणं निराळं. तुमच्या सरांनी नेमकी इथे गल्लत केलीय.

क्रियापदाचं राहिलं. 'टाकलं' चालेल, पण उलट क्रियेला 'काढलं' लिहाल तर घोळ होईल, कारण 'दुकान काढलं' म्हणजे आपल्याकडे सुरू केलं. मॉडप्रोब या आज्ञेने मॉड्यूल चढवलं, आरएममॉड या आज्ञेने उतरवलं असं लिहा.