माथेरानची गाडी: चढताना रेल्वे, उतरताना टॅक्सी

आपण विचारले आहे की, जानेवारीतल्या एखाद्या रविवारी दादरहून सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि पाच वर्षांची मुलगी यांना घेऊन एका दिवसात माथेरान करायचे झाल्यास नेरळपासून मिनी ट्रेनने पूर्ण प्रवास करावा, की टॅक्सीने मोटारी जिथवर जातात त्या दस्तुरीपर्यंत जाऊन अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंतची छोटी शटल गाडी पकडावी. मुले लहान असल्यापासून आजतागायत मी दोन्ही प्रकारे बऱ्याच वेळा गेले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, रविवार टाळावा, जाताना नेरळहून गाडीनेच जावे आणि परतताना टॅक्सीने उतरावे.

याचे मुख्य कारण वेळेचे आहे. नेरळ ते माथेरान हे जेमतेम २१ किलोमीटरचे अंतर कापायला गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. मुंबईहून नेरळपर्यंत कर्जत किंवा खोपोली लोकलचे जाऊन-येऊन चार तास धरले आणि दोन्ही वेळा मिनी ट्रेन घेतली, तर दिवसाचे नऊ तास रुळांवर जातात आणि माथेरानच्या वाट्याला फक्त एक जेवण उरते. म्हणून या सहलीत गाडीलाच मुख्य कार्यक्रम समजावे. वर एखादा जवळचा पॉइंट झाला तरी पुष्कळ आहे.

गाडी इतकी सावकाश का जाते, हे घरातल्यांना आधी सांगून ठेवले म्हणजे ‘अजून किती वेळ’ हा प्रश्न कमी वेळा ऐकावा लागतो. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर आहे आणि माथेरान ८०० मीटरवर. हा चढ दातेरी रुळाशिवाय, साध्या रुळांवरून चढायचा असल्यामुळे मार्ग डोंगराला वेढे घालत जातो. काही ठिकाणी चढ २० फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. आपल्या लोकलच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते, इथे ते ६१० मिलिमीटर आहे, आणि रूळ असे जवळ असल्यामुळेच इतकी आवळ वळणे घेता येतात. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला. त्या वेळी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची जी वाफेची इंजिने आली, त्यांचे पुढचे आणि मागचे आस (चाके जोडणारे दांडे) वळणावर किंचित वळू-सरकू शकत, आणि त्या युक्तीशिवाय सहा चाके एकमेकांना जोडलेले इंजिन या वळणांवर अडकलेच असते. आता डिझेल इंजिन असते, पण वळणावर चाके रुळाला घासून जी बारीक, लांबलचक किंकाळी निघते, ती मला वाटते तेव्हापासून तीच असावी. माझी धाकटी पहिल्यांदा तो आवाज ऐकून माझ्या कुशीत शिरली होती आणि वाटेतले जुम्मापट्टी स्थानक येईपर्यंत स्वतःच त्याची नक्कल करू लागली होती.

खिडकीवरून भांडण होऊ देऊ नये. मार्ग सारखा वळत असल्यामुळे दरी कधी डावीकडे येते, कधी उजवीकडे, त्यामुळे कोणीही वंचित राहत नाही. खालच्या टप्प्यात, जानेवारीत पाने पिवळी पडू लागलेले सागाचे, उघडे रान असते आणि खाली नेरळची घरे दिसत राहतात. जुम्मापट्टीनंतर पेब किल्ल्याचा डोंगर जवळ येतो. पुढे वॉटर पाइप स्थानक आणि एकुलता एक छोटा बोगदा लागतो. ‘वन किस टनेल’ या त्याच्या नावाचा अर्थ आजी-आजोबांनी नातीला कसा सांगायचा, हे मी आपल्यावर सोडते. वॉटर पाइप ओलांडल्यावर कड्यावरचा गणपती दिसतो, तेव्हा डब्यातले सगळे हात आपोआप जोडले जातात. अमन लॉजच्या पुढे मात्र रान एकदम बदलते. माती तांबडी होते, अंजनी आणि जांभळाची झाडे रुळांवर झुकतात, हवेत गारवा येतो आणि नशीब असेल तर फांदीवर शेकरू दिसते. शटलने गेल्यास एवढाच शेवटचा, सपाट टप्पा मिळतो. तो सुंदर आहे, पण घाट चढण्याची गंमत त्यात नाही.

तिकिटांबाबत स्पष्ट लिहिते. डबे मोजके आणि लहान असतात, वर जाणाऱ्या गाड्या सकाळीच सुटतात, आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटे हातोहात संपतात. एका डिसेंबरमध्ये आम्ही रविवारी नऊच्या सुमारास, वाटेत मिसळ खाऊन, निवांत नेरळला उतरलो आणि खिडकीसमोरची रांग पाहूनच परत फिरलो. चूक सर्वस्वी आमची होती. त्यानंतर आम्ही नेहमी आठवड्यातला मधला दिवस निवडतो, पहाटेच्या लोकलने येतो आणि घरातला एक माणूस रांगेत उभा करून बाकीच्यांना चहाला पाठवतो. तरीही तिकीट हुकले तर हिरमुसू नये. टॅक्सीने दस्तुरी गाठून शटल घ्यावी. परतीच्या गाडीच्या तिकिटाची धास्ती दिवसभर बाळगण्यापेक्षा टॅक्सीने उतरावे, असे मी म्हणते, त्यामागेही हाच अनुभव आहे.

वडीलधाऱ्यांची दोन गोष्टींत काळजी घ्यावी. डब्यात स्वच्छतागृह नसते, तेव्हा नेरळलाच सगळे उरकून घ्यावे. समोरासमोरच्या बाकांमध्ये पाय लांब करायला जागा नसते. माझ्या सासूबाईंचे गुडघे आखडल्यामुळे त्या प्रत्येक थांब्यावर दारापाशी उभ्या राहून पाय मोकळे करीत असत. माथेरानचे स्थानक भर बाजारात आहे, म्हणून तिथे उतरल्यावर फार चालावे लागत नाही. उलट दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे परतताना बाजारातून अमन लॉजपर्यंत शटल किंवा ई-रिक्षा मिळेल हे आधीच पाहून ठेवावे. हे अडीच किलोमीटर दुपारी थकलेल्या आई-वडिलांना चालायला लावू नयेत. थेपले, तिळाच्या वड्या असे कोरडे खाणे न्यावे, पण ते थांब्यावर उघड्या खिडकीत धरू नये. तिथली माकडे पिशवी हिसकावून घेण्यात पटाईत आहेत.

जानेवारीचा बेत काही कारणाने पुढे ढकललात तर तो जूनच्या आत बसवा, कारण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा भाग बंद असतो आणि फक्त वरची शटल चालते. २०१९ च्या पावसात मार्गाची इतकी पडझड झाली होती की पूर्ण गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

आणि आईंना पांढरी साडी नेसू देऊ नका. तांबडी धूळ पहिल्या धुण्यात जात नाही.